मला नाय आवडला

पुंडलिकनगरच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं, की पिठाच्या गिरणीला लागून रत्नमालाचं शिवणकामाचं दुकान आहे. पाटीवर ‘लेडीज टेलर, फॉल-पिको’ एवढंच लिहिलेलं. पण गल्लीतल्या बायका तिथं ब्लाउजपेक्षा पिक्चरच्या बोलण्याला जास्त येतात. कुणी नवा पिक्चर पाहून आली, की माप द्यायचं निमित्त काढून डोकावते. “रत्नाबाई, पाहिला का हो?” रत्नाबाईनं बहुतेक पाहिलेला असतोच. ती दातात धरलेली टाचणी काढते आणि निकाल देऊन टाकते. ‘लई भारी’ म्हणाली तर घरी जाऊन नवऱ्याच्या मागं लागायचं. ‘बरा हाय’ म्हणाली तर मोबाईलवर येईपर्यंत थांबायचं. आणि ‘झोप आली’ म्हणाली, की मग तो पिक्चर कितीही गाजो, ती आपला शब्द मागं घेत नाही.

हे वेड तिला लहानपणी लागलं. तिचा बाप कडूबा सिल्लोडकडच्या एका खेड्यातला मेंढपाळ. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून मेंढरांमागं रानोरान हिंडायचं आणि पाऊसकाळाच्या तोंडावर गावी परतायचं. वाटेत एखादी जत्रा लागली, की तंबूतला सिनेमा हटकून असायचा. तंबूत शिरायला मिळायचं नाही, मग रत्ना आणि तिचा भाऊ पडद्याच्या मागल्या अंगाला जाऊन बसायचे. मागून सगळं उलटं दिसायचं. पाट्या वाचता यायच्या नाहीत, हिरो डाव्या हातानं तलवार चालवायचा. दुसऱ्या दिवशी मेंढरांमागं चालताना ती आई बानाबाईला सगळी गोष्ट सांगायची, आणि जिथं गोष्ट पटली नसेल तिथं खुशाल बदलून टाकायची.

“आसं नव्हतं की,” भाऊ चिडायचा.

“नव्हतं, पन आसाया पायजे व्हतं,” रत्ना म्हणायची, आणि बानाबाई पदर तोंडाला लावून हसायची. रत्नाच्या आठवणीत तिची माय अशीच होती. डोक्यावर पाटी, हातात काठी, अन् सदा हसणारी.

लग्न होऊन ती शहरात आली. नवरा बिभीषण वाळूजच्या एका कंपनीत कामाला. सरळ, शांत माणूस. पण टॉकीजमध्ये बसला की इंटरव्हलच्या आत घोरायला लागणारा. पिक्चरला सोबत म्हणून तो कुचकामी होता. ती सोबत रत्नमालाला सापडली ती गारखेड्यातल्या अंबिकाताईंच्या रूपानं.

अंबिकाताईंचे यजमान अनंतराव बँकेतून निवृत्त झालेले. घर पुस्तकांचं, बोलणं मोजकं. त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा हाताला टेप लावता लावताच दोघींचं वाजलं. अंबिकाताईंना गंभीर पिक्चर आवडायचे, ज्यात माणसं खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत बसतात. “खिडकी तर माझ्या घरालाबी हाय की,” रत्नमाला म्हणाली. अंबिकाताई इतक्या हसल्या की माप दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. त्यानंतर बुधवारची दुपार ठरून गेली. बुधवारी दुकान दुपारून बंद असायचं, आणि जालना रोडवरच्या मॉलमध्ये किंवा जुन्या शहरातल्या एखाद्या टॉकीजमध्ये दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असायच्या. परतताना रिक्षात भांडण. एकदा रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, “बाजी, तुम्हारा फैसला होने तक एक चक्कर और मारूं क्या?” एकीला जो आवडायचा तो दुसरीला क्वचितच आवडायचा, आणि तरी दोघींना दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नसायचं.

अंबिकाताईंचा मुलगा वरद पुण्यात सिनेमाचं शिकून परत आला आणि म्हणाला, मला मेंढपाळ बाईवर पिक्चर काढायचाय. अंबिकाताई त्याला घेऊन थेट दुकानात आल्या. रत्नमालाला आनंद झाला. ती त्याला स्वतः गावी घेऊन गेली, आईपाशी बसवलं. कडूबा वारला होता. म्हातारी बानाबाई मुलाच्या घरी राहायची आणि दोन-चार शेळ्या राखायची. वरद तिथं बरेच दिवस राहिला. बानाबाईनं त्याला बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, आणि कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. परक्याच्या वावरात मेंढरं बसवलेली असताना रत्नाचा जन्म कसा झाला, आणि दुसऱ्या दिवशी बाळ झोळीत घालून पुन्हा चालायला कसं लागावं लागलं, तेसुद्धा.

पिक्चर झाला. परदेशात कुठंतरी त्याला बक्षीस मिळालं आणि मग तो शहरात आला. पहिल्या खेळाला सगळा गारखेडा लोटला होता. अंबिकाताईंनी मोरपंखी साडी नेसली होती, तिच्यावरचा ब्लाउज रत्नमालानंच शिवला होता. बानाबाईला गावाहून जीपनं आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

अंधार झाला आणि पिक्चर सुरू झाला. त्यातली बाई फार कमी बोलायची. ती चालायची, मेंढरं चालायची, ऊन चढायचं, उतरायचं. तिचा नवरा तिच्याकडं बघायचा नाही. ती पाण्यासाठी कुणाच्या तरी बांधावर उभी राहायची आणि हाकलून दिली जायची. शेवटी ती एका झाडाखाली एकटी बाळंत होते, आणि सकाळी मेंढरांमागं निघून जाते. रत्नमाला वाट बघत होती. आता कुणीतरी काहीतरी बोलेल, एखादी थट्टा, एखादी शिवी, एखादं खिदळणं. काही आलं नाही. दिवे लागले तेव्हा आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या.

मग बोलायचा कार्यक्रम. प्रांजली नावाची एक तरतरीत मुलगी सूत्रसंचालन करत होती. चार जण बोलले, चौघांनीही कौतुकच केलं. प्रांजली माईक घेऊन रत्नमालापाशी आली. “रत्नमालाताई, तुमच्या आईंचं आयुष्य आज पडद्यावर आलं. काय वाटतंय?”

लोकांनी मोबाईल वर केले. रत्नमाला उभी राहिली. ‘छान वाटलं’ म्हणून बसता आलं असतं. तिलाही ते समजत होतं. पण आजवर कुणी तिला पिक्चरबद्दल विचारलं आणि तिनं मनात एक ठेवून ओठावर दुसरं आणलं, असं झालेलं नव्हतं.

“मला नाय आवडला,” ती म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. प्रांजलीनं सावरून घ्यायचं बघितलं. “म्हणजे, इतकं दुःख बघवलं नाही, असंच ना?”

“नाय. बघवलं की. पन आवडला नाय. एवढा मोठा पिक्चर झाला आन एक मानूस हसलं नाय त्याच्यात. आमी काय रडत-रडत मेंढरं राखली का? पोरानं मेहनत लई केली. फोटू लई चांगले काढले. पन ही माही माय नाय, आन मला पिक्चर नाय आवडला.”

ती बसली. वरद मंचावर उभा होता, त्याचे कान लाल झाले होते. अंबिकाताई सरळ समोर बघत होत्या. बानाबाईला यातलं काहीच ऐकू गेलं नाही, कारण तिच्याभोवती पाया पडणाऱ्यांचा गराडा पडला होता.

संध्याकाळपर्यंत रत्नमालाचं बोलणं कुणी तरी मोबाईलवर टाकलं आणि ते गावभर झालं. ‘ज्यानं यांना मोठं केलं त्यालाच नावं ठेवतात.’ ‘ब्लाउज शिवणाऱ्या बाईला सिनेमा काय कळतो?’ एकीनं तर दुकानात येऊन शिवायला दिलेलं कापड परत नेलं. “आमच्या वरदचं तोंड पाहवत नव्हतं हो,” असं वर म्हणाली, जसा काही वरद तिच्याच घरात वाढला होता. गारखेड्याकडच्या आणखी काही जणींनी येणं सोडलं.

रात्रीच्या जेवणाला बिभीषण म्हणाला, “एक वाक्य खोटं बोलली आसती तर काय आभाळ कोसळलं आसतं?”

“न आवडलेल्याला चांगला म्हनले, तर उद्या खरंच चांगला आला त्याला काय म्हनू?”

बिभीषणनं वरण वाढून घेतलं.

सगळ्यात लागलं ते अंबिकाताईंचं. त्यांनी फोन केला. आवाज चढवला नाही. “रत्ना, मी तुला घरातली समजत होते.”

“म्हनून तर खरं बोलले, ताई.”

“बाहेरचे शंभर जण बोलले असते तर मला काही वाटलं नसतं. तू बोललीस. तेही सगळ्यांसमोर.”

“सगळ्यायच्या समोर इचारलं त्यायनं. मी काय उठून माईक मागाया गेले व्हते का?”

फोन बंद झाला. बुधवार आला आणि गेला. पुढच्या बुधवारी रत्नमाला एकटी जाऊन आली. पिक्चर बरा होता. पण बाहेर पडल्यावर तो बरा का होता, हे सांगायला कुणी नव्हतं.

ती गावी गेली. आईला सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “तूच सांग माय. तू अशी व्हती का? सदा तोंड पाडून बसलेली?”

बानाबाई शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. “मला लई आवडला त्यो पिक्चर.”

“काय?”

“व्हय. लई आवडला. आनखी एकडाव पाहीन म्हनते.”

“आगं, पन तू तर किती हसायची! बा चिडायचा तरी तू हसायची.”

“हसायचे. दोन लेकरं मागं, पुढं मेंढरं, कुत्रं भुकेलं, तुहा बाप पहाटपासून बोलंना. हसू नाय तर काय करू? मी बसून रडले आसते तर तुमी दोघं कुनाच्या तोंडाकडं पाह्यलं आसतं?” म्हातारीनं शेंगांची टरफलं बाजूला सारली. “जल्मात मला रडाया जागा नाय भेटली. त्या पोराच्या पिक्चरमंदी भेटली. अंधारात बसले आन पोटभर रडले. कुनी ‘काय झालं’ म्हनून इचारलं नाय.”

ज्या हसण्याच्या जोरावर रत्नमाला भर सभेत उभी राहिली होती, ते हसणं म्हणजे काय होतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. तिनं आईच्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि फोडायला लागली. फोडता फोडता म्हणाली, “तुहं खरं आसंल, माय. पन मला नाय आवडला.”

“मंग नको आवडू देऊस,” बानाबाई म्हणाली. “मी कुठं बळजबरी केली?”

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण रत्नमालाचा भाचा राम, भावाचा थोरला, शहरात शिकायला होता आणि एका संघटनेत हिंडायचा. तो आठ-दहा पोरं घेऊन दुकानात आला.

“आत्या, तू वाघीन हायस. आता माघार नाय. रविवारी आपन शो बंद पाडनार. समाजाला रडकं दाखवतो म्हनजे काय? तू फक्त पुढं उभी ऱ्हाय.”

“कामून बंद पाडायचा?”

“तूच म्हनली ना, वाईट हाय?”

“मी म्हनले, मला आवडला नाय. बंद करा म्हनले का? तू पाह्यला का?”

“पाहायची काय गरज हाय? तुहा व्हिडिओ पाह्यला की.”

रत्नमालानं मशीन थांबवलं. “हे बघ रामा, माझ्या नावानं कुनी दगड उचलायचा नाय. जा, अभ्यास कर.”

पोरं गेली; पण ऐकतील असं काही त्यांचं तोंड दिसत नव्हतं. रत्नमालानं भावाला फोन लावला, आणि शनिवारी बानाबाई एसटीनं पुंडलिकनगरला येऊन दाखल झाली. तसंही तिला पिक्चर पुन्हा पाहायचाच होता.

रविवारी दुपारी मायलेकी टॉकीजपुढं रिक्षातून उतरल्या. गेटवर घोषणा चालू होत्या. दोन पोलीस मोटारसायकलला टेकून उभे होते. पोरांच्या हातात फलक होते आणि एका फलकावर रत्नमालाचाच फोटो होता, हात वर केलेला, तोंड उघडं. ती सरळ त्या पोरापाशी गेली.

“हे माहं थोबाड कुनाला इचारून लावलं?”

राम पुढं आला. “आत्या, तू आली! घोषना दे.”

“मी तिकीट काढाया आले.”

“तू? त्यानं आपल्या लोकाईला रडकं दाखवलं, आन तू त्यालाच पैसे देनार?”

“व्हय, दाखवलं रडकं. वाईट पिक्चर काढायचा त्याला हक हाय, आन त्याला वाईट म्हनायचा मला हक हाय. तुमी पिक्चरच बंद पाडला तर मी वाईट कशाला म्हनू? ह्या गेटाला?” तिचा आवाज आता गेटपलीकडच्या रांगेपर्यंत पोचत होता. “तिकडं ते म्हनतात, शिवनकामवालीला काय कळतं, गप बस. इकडं तू म्हनतो, पिक्चर गप बसव. मी कुनाच्याच सांगन्यावरून गप बसनार नाय, आन कुनाला गप बसवाया बी येनार नाय. तो फोटू उतरव.”

पोरानं फलक खाली घेतला. पण राम हटेना. “आजीची बदनामी झालीय, आत्या. ती आमी सहन करनार नाय.”

इतका वेळ रिक्षाच्या दांडीला धरून उभी असलेली बानाबाई काठी टेकत पुढं आली. “कोन्या आजीची रं?”

“तुझीच की.”

“माही? मी तर दुसऱ्यांदा पाहाया आले. चाल, हो बाजूला. नायतर आसं कर, तू बी चाल. तिकीट काढ तुहं. माहं बी काढ.”

रांगेतले लोक हसायला लागले. मग पोलीस हसले, आणि शेवटी पोरांमधलेही दोघं-तिघं. ज्या म्हातारीच्या अब्रूसाठी मोर्चा आणला, तीच तिकीट मागत होती. आता घोषणा द्यायची तरी कुणाच्या नावानं? काही पोरं चहाच्या टपरीकडं सरकली. राम आजीच्या मागं मान खाली घालून आत गेला.

रत्नमालानं तो पिक्चर दुसऱ्यांदा पाहिला. खरं तर पडद्यापेक्षा तिनं शेजारीच जास्त पाहिलं. झाडाखालचा प्रसंग आला आणि बानाबाईनं तिचा हात धरला. म्हातारीच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. रत्नमालाही आईसाठी रडली, आईबरोबर रडली. आणि तरी दिवे लागले तेव्हा तिच्या मनात स्पष्ट होतं, की पिक्चर पहिल्याइतकाच लांबलेला आहे, आणि त्यात कुणीतरी एकदा तरी हसायला हवं होतं.

राम नाक ओढत बाहेर आला. “लई भारी हाय, आत्या.”

“तू बी फुटला का?” ती म्हणाली.

बाहेरच्या पायऱ्यांवर वरद उभा होता. गोंधळ होणार म्हणून टॉकीजवाल्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं, आणि गेटवरचं सगळं त्यानं ऐकलं होतं. तो बानाबाईच्या पाया पडला. मग रत्नमालाकडं वळला, थोडा अडखळला. “मावशी, आज काय वाटलं?”

“ती बाळंतपनानंतर मेंढीच्या पाठीवर हात ठुते ना, ऊब घ्याया? ते लई आवडलं.”

“आणि बाकी?”

“बाकी नाय.”

वरद हसला, पण लगेच गंभीर झाला. “आजी हसायच्या हे मला दिसत होतं. मी मुद्दाम घेतलं नाही. लोक हसण्यावरच थांबतात, त्याच्या पलीकडे जात नाहीत, असं मला वाटलं.”

“तुला वाटलं तसं तू काढलं. मला वाटलं ते मी बोलले. तुहं काय चुकलं, आन माहं तरी काय चुकलं?”

“तुमचं चुकलं असं मी कधीच म्हणालो नाही,” वरद म्हणाला. “आई म्हणते.”

अंबिकाताईंचा राग मात्र लेकाइतक्या लवकर गेला नाही. ज्यानं पिक्चर काढला तो विसरला. ज्या माउलीनं त्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले, तिला विसरणं जड गेलं. टॉकीजपुढचा किस्सा त्यांच्या कानावर आला होता, तरी पाऊस सरला, दसरा झाला, दिवाळी गेली, आणि अंबिकाताईंचे दिवाळीचे ब्लाउज दुसरीकडूनच शिवून आले. रत्नमालानं ते एका लग्नात पाहिले. बाह्या दंडात काचत होत्या.

थंडी पडली तेव्हा एका बुधवारी दुपारी ती दुकानाचं शटर ओढत होती, आणि मागून आवाज आला, “भुताचा लागलाय म्हणे एक. अनंतराव येत नाहीत, त्यांना बीपी आहे.”

अंबिकाताई उभ्या होत्या. हातात पर्स, चेहरा घट्ट.

“मला भुताचे आवडत नाय,” रत्नमाला म्हणाली.

“मलाही आवडत नाहीत. येतेस का?”

गेल्या. पिक्चरमध्ये अंबिकाताईंनी कितीदा तरी तिचा दंड आवळला, आणि बाहेर आल्या त्या लहान मुलीसारख्या खूश होऊन. “काय सुंदर होता गं! त्या विहिरीचा प्रसंग तर...”

“काय सुंदर? ते भूत हाय का भाजीवाली, रोज ठरल्या टायमाला येतंय.”

“तुला भीती वाटली म्हणून तू असं बोलतेस.”

“भीती? मला? निम्म्या पिक्चरला तुमी डोळे झाकून बसल्या व्हत्या!”

मॉलच्या बाहेर दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून तावातावानं भांडल्या. बोलता बोलता अंबिकाताई एकदम थांबल्या. “आणि एक सांगून ठेवते. वरदचा पिक्चर उत्तमच आहे. मी मरेपर्यंत हेच म्हणणार.”

“म्हना की. मी कवा नको म्हनलं?”

“आणि तू?”

“मी बी मरेस्तोवर माहंच म्हननार, ताई.”

अंबिकाताईंनी तिच्याकडं रोखून पाहिलं. मग नाकातल्या नाकात ‘हं’ असा आवाज काढला, पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढली, तिचे दोन तुकडे केले, आणि मोठा तुकडा रत्नमालाच्या हातावर ठेवत म्हणाल्या, “खा. आणि आता सांग, विहिरीच्या प्रसंगात वाईट काय होतं ते.”